फॉर्मात लिहिलेला हात

गुढ़ियारी, रायपूर
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कलाबाईस,
स. जयभीम, वि. वि.

नाही, मी दवाखान्यात कोनाशी भांडलो नाही. एक बाबू लाइनीत मधात घुसला, त्याले मागं केलं, बस्स. फोनवर तू नुसती रडते आन् मले आयकू येत नाही, म्हनून लिहून राहिलो.

तुझी दीक्षा बरी आहे. मंगळवारी मिरगीचा झटका आला तेव्हा चहा हातात होता, मांडी भाजली. कुछ नहीं हुआ म्हने. वीस वर्षं मामाच्या घरी राहून पोट्टी जवाब हिंदीतच देते.

आता कामाचं. तिन्ही औषधं लागू पडत नाहीत, आन् असेच झटके चालले तर एखादा झोपेत जीव घेऊ शकते, असं डॉक्टर म्हनते. म्हनून ऑपरेशन. तिच्या डोक्याचे दोन तऱ्हेचे फोटो काढले, दोन्हीत उजव्या कानाच्या बाजूले एकच जागा खराब दिसते. फोटो असे जुळले म्हंजे शंभरातून सत्तर जनांचे झटके थांबतात म्हने. उजव्या हातानं लिहिनाऱ्याचं बोलनं बहुतेक डोक्याच्या डाव्या बाजूले असते, म्हनून बोलन्याले धोका नाही. तरी उद्या बोलन्याचा वेगळा फोटो काढनार. मशीनीत झोपून मनातल्या मनात शब्द बनवाचे. मले तर फालतू झंझट वाटते. फॉर्म मीच भरला. ती बाजूलेच होती, पन तिच्या हातानं संध्याकाळ झाली असती. ऑपरेशन वीस तारखेले.

जावईबापूले जयभीम. माझा जीव तुम्हा लोकांतच आहे, तुमचाही असू द्या.
तुझा दादा, देवीदास


गोंदिया
ता. ८ फेब्रुवारी

ती. देवीदासदादास,
कलावतीचा सा. जयभीम.

पत्र वाचून आधी हसूच आलं. तुझ्यासमोर लाइन तोडनारा तो बाबू अजून जिवंत आहे ना?

पन काल दीक्षाचा फोन आला. बोलन्याचा फोटो दोनदा काढला म्हने. पहिला उलटा लागला असं त्यांले वाटलं, कारन बोलनं उजवीकडंच दिसून राहिलं, खराब जागेले चिकटून. डावखुरी होती का, असं डॉक्टरनं विचारलं तर तू जोरात नाही म्हनून सांगतलं.

दादा, चार वर्षांची पोट्टी मी शाळेसाठी तुझ्याकडं सोडली तेव्हा ती डाव्या हातानं जेवे. खडूनं दारावर रेघोट्याही डाव्यानंच मारे. मग दिवाळीत आली तर सारं उजव्यानं. आपोआप बदललं असं समजून मी खुश झाले. खरंच आपोआप बदललं का? रागावू नोको. वीस तारीख जवळ आहे. जे असेल ते माझ्या आधी डॉक्टरले सांग.

बहिनीवरची माया आटू देऊ नोको.
तुझी कला


गुढ़ियारी, रायपूर
ता. १५ फेब्रुवारी

चि. कलास,
स. जयभीम.

आपोआप नाही बदललं. मी बदललं. डाव्या हातानं जेवते म्हनून पाऱ्यातले, आपल्या मोहल्ल्यातले लोक हसत. मी तिचा डावा हात रुमालानं खुर्चीले बांधून ठेवो, जेवताना आन् लिहिताना. चार महिने. रडे, तरी सोडत नव्हतो. फॉर्मात विचारलं, कोनत्या हातानं लिहिते. मी उजवा लिहिला. उजव्यानंच तर लिहिते.

तुझं पत्र आलं तसाच दवाखान्यात गेलो, दीक्षालेही नेलं. डॉक्टर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हने, हात बदलला म्हनून बोलनं आपली जागा सोडत नाही, फोटो पहिलाच बरोबर होता. पूरी जागा काढली तर बोलनं जाईन. बोलनं वाचवून थोडीच काढली तर सत्तराचे पंचवीसही राहत नाहीत. दीक्षा तेलीबांध्याच्या ऑफिसात दिवसभर फोनवरच बोलते. ती उठून उभी झाली आन् ऑपरेशन नोको म्हने. वीस तारीख रद्द.

ऑटोत मी तिले म्हटलं, रुमालाचं तुले आठवत नसन. सब याद है, म्हने. मी फॉर्मात उजवा लिहिला तेही तिनं पाह्यलं होतं. मंग बोलली काहून नाही, विचारलं. तर म्हने, आप गुस्सा हो जाते.

लोभ ठेव नाहीतर नोको ठेवू. याच्यावर मले आता एक शब्द विचारू नोको. मी सांगनार नाही.

देवीदास