कापलेला शेवटचा परिच्छेद

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

बातम्या लिहिण्याची इतक्या वर्षांची सवय आज नडली. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. लेखात वर लिहिलं की मानेत गाठी आणणारा तो विषाणूचा ताप येऊन गेलेल्यांना पुढे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. शेवटी लिहिलं की असं फार क्वचित होतं, बहुतेकांना काहीच होत नाही. जागा कमी पडली की लेख खालून कापतात. साड्यांच्या सेलची जाहिरात आली, शेवट गेला.

तो ताप गेल्या वर्षी आमच्या सुमीला येऊन गेलेला. घरी आलो तर लेख वाचून हिचा हात सुमीच्या मानेवर, गाठी चाचपत. जेवतानाही तिथंच.

"आई, घास तरी गिळू दे की," सुमी वैतागली.

मी कापलेला शेवट तोंडी सांगितला. डॉक्टरांना विचारूनच लिहिला होता, हेही.

"मग धीराचं वर लिवायला काय झालतं?" ही म्हणाली. "कापायचंच हाय तर भ्या कापू दे की त्यास्नी."

हे आजवर एकाही संपादकाला सुचलं नाही. मला तरी कुठे?

हात मानेवरून निघाला तो थेट पेपरावर. "सेल रविवारपातुर हाय न्हवं?"

आहे. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत छापली आहे.