खिडक्यांचा रकाना

मंगळवार, ११ नोव्हेंबर

विज्ञानाचा प्रकल्प मिळाला — पृथ्वीचं वातावरण. जोडीदार यशोधरा. कोट्यवधी वर्षांपूर्वीची हवा चार्टवर, आजची वहीत, असं ठरलंय. ती बुवापाड्यात, मी इथे कंपनीच्या कॉलनीत. संध्याकाळी केमिकलचा वास किती वाजता आला ते दोघींनी लिहायचं. तिच्या आजीला दमा आहे. वास सुटला की सुंदराबाई पदर नाकाला लावून बसून राहतात.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बाबांनी चार्ट समजावला. काय भारी सांगतात! आधी ज्वालामुखींतून वाफ नि कार्बन डायऑक्साइड निघाला. वाफेचा पाऊस झाला, समुद्र भरले. मग समुद्रातले इवलेसे जिवाणू ऑक्सिजन सोडायला लागले. तेव्हाच्या कितीतरी जिवांना तो विषच!

मी म्हटलं, "दुष्टच की मेले!"

बाबा हसले. "अगं, आपण काय सोडतोय हे त्यांना कुठे ठाऊक होतं?"

कंपनीत प्लांट इन-चार्ज उगीच नाही झाले माझे बाबा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाबांनी खिडक्या लावल्या ६.१०. वास ६.३५.

बुधवार, १९ नोव्हेंबर

यशोधराने वह्या जुळवल्या. मी बावळट, सगळंच लिहिते!

"ए हिमानी, तुझे बाबा वास यायच्या आधीच खिडक्या लावतात? आणि जिस दिन वास नाही, त्या दिवशी उघड्या? उनको कैसे पता?"

"डासांसाठी लावतात," मी म्हटलं. लहानपणापासून मला तेच सांगितलंय.

घरी येऊन विचारलं. बाबा चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "गॅस धुवायचं मशीन चालवलं की प्रॉडक्शन अडतं. वरून सांगतात, तसाच सोडा. कुठे बोलू नकोस, हिमू. नोकरी जाईल."

म्हणजे ठाऊक होतं! जिवाणूंना नव्हतं — यांना होतं! आणि मला डास!! इतका राग कधीच आला नव्हता. रडूही येतंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

यशोधरा शाळेत नाही. सुंदराबाईंना दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय. मी बाबांशी बोलत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सुंदराबाई काल घरी आल्या.

बाबा आज सेकंड शिफ्टला. ६.०५ ला मेसेज — 'हिमू, खिडक्या लाव.'

लावल्या. सगळ्या. यशोधराला फोन करायचा होता. फोन हातातच होता.

मग वहीची फेअर कॉपी केली. खिडक्यांचा रकाना घेतला नाही.