भोंग्याची नोंद

३ मार्च

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कोठडीत भेटीची पाच मिनिटं मिळतात आणि ती तुझी वहिनी रडण्यात घालवते, म्हणून हे लिहून तिच्याच हाती देतोय. माळ्यावर साबणाच्या डब्यात माझा छोटा कॉम्प्युटर आहे, पत्त्यांच्या जोडाएवढा. कारखान्यात बॉयलरच्या दाबाची नोंद तोच ठेवायचा आणि दाब वाढला की भोंगाही तोच वाजवायचा. बॉयलर फुटला त्या दिवशी मी तो पिशवीत घालून घरी आणला.

त्याला टीव्ही आणि कीबोर्ड जोड. पासवर्ड वहिनीला सांगितलाय. चित्रंबित्रं दिसणार नाहीत, काळ्या पडद्यावर लिहूनच हुकूम द्यायचा. 'एलएस' लिहिलंस की आतल्या फायलींची नावं दिसतील. 'कॅट' आणि पुढे नाव लिहिलंस की ती फाइल वाचता येईल. 'दाब' नावाची फाइल 'सीपी'ने पेनड्राइव्हवर उतरव. मग 'आरएम भोंगा' लिही, म्हणजे 'भोंगा' नावाची फाइल पुसली जाईल. ती जुनी अडगळ आहे, जाऊ दे. वीस तारखेच्या आत हे झालं पाहिजे, त्या दिवशी सुनावणी आहे. बाही उलटी लावणारी माझी शिंपीणबाई एवढं करेल ना? माझी सगळी भिस्त तुझ्यावर आहे.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

बाही एकदाच उलटी लागली होती आणि तीही तुझ्याच शर्टाची, तेव्हा पुरे. पासवर्ड टाकताना पडद्यावर एकही अक्षर उमटेना. मला वाटलं, कीबोर्ड मेला. रागाने तीनदा वायर उपटली. शेवटी वहिनी म्हणाली की तो दाखवतच नसेल, तू आपली टाकत राहा. तसंच निघालं.

दाबाची फाइल उतरवली. पण दादा, मी चिंधीसुद्धा उलगडून पाहिल्याशिवाय टाकत नाही, तुला माहीत आहे. 'कॅट भोंगा' केलं. त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलंय, दोन वाजून दहा मिनिटांनी भोंगा बंद केला, करणाऱ्याचं नाव तुझं. पुन्हा चालू केल्याची ओळच नाही. दोन चाळीसला बॉयलर फुटला. भोंगा बॉयलरवाल्या काकांनी बंद केला, असं तू जबाबात सांगितलंस. ते इस्पितळात भाजून पडलेत, तोंडातून शब्द निघत नाही. तुझं नाव वापरून दुसऱ्या कुणी हे केलं असेल तर सांग. मी हात जोडते, तसंच सांग.

तुझी बेबी

१३ मार्च

बेबी,

मीच केलं. भोंगा दिवसात चारदा उगाच कोकलायचा आणि साहेब मला फाडून खायचे. तार तपासायला म्हणून बंद केला आणि चहाला गेलो. पुन्हा चालू करायचं डोक्यातून गेलं, बस एवढंच. काकांचं आयुष्य तसंही उरलं नाही, माझं अजून आहे. मला इथे श्वास घेता येत नाही गं. तो हुकूम दे. कॉम्प्युटर खरंच पुसू का म्हणून विचारतसुद्धा नाही, क्षणात होतं. तुझ्या पाया पडतो.

दादा

१९ मार्च

ती. दादास नमस्कार.

काल हुकूम लिहिला. एंटरवर बोट ठेवून किती वेळ बसले कुणास ठाऊक. तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. मग लिहिलेलं खोडलं आणि इस्पितळात गेले.

काकांचा उजवा हात थोडा चालतो. त्यांची मुलगी त्यांच्यापुढे वही धरते. त्यांनी मला ओळखलं आणि अर्धा तास खपून एक ओळ लिहिली. 'भोंगा वाजला होता आणि मलाच ऐकू आला नाही का?' असं त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, शुद्धीवर आल्यापासून ते सगळ्यांना हेच विचारतात.

मी सांगितलं, काका, वाजलाच नव्हता. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.

उद्या दोन्ही नोंदी कोर्टात देते. वहिनी बरोबर येणार आहे. मला शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्र बंद करू नकोस. तुझ्याशिवाय मला दुसरा भाऊ नाही.

तुझीच,
बेबी