ब्रेकच लागला नाई!

६ मार्च १९८३, रविवार

अण्णाजींनी गाडी वच्छलाबाईंच्या गोठ्यात घातली! कूड आडवा झाला, वासरू थोडक्यात वाचलं. माफी राहिली दूर, उलट सगळ्या पिपरीला ऐकू जाईल असे ओरडत होते— "ब्रेकच लागला नाई! तानबा मिस्त्रीनं चुना लावला मले!" वडील आहेत म्हणून गप्प बसलो.

गुरुवारी गिरडच्या दर्ग्याला जायचंय. आईचा नवस. गाडी अण्णाजीच चालवणार, मला हात लावू देत नाहीत. तो टेकडीचा उतार, मागे आई आणि माझ्या दोन्ही पोरी! जेवण गेलं नाही.

७ मार्च

तानबा आला, गाडीतून चक्कर मारून आला. म्हणे, "ब्रेक एकदम टाइट हाय, गुरुजी. गाडीत काई नाई." महिन्यापूर्वी यानेच ब्रेक केले होते. तोंडावर चोर म्हणालो आणि हाकलला. मीच उघडतो आता.

८ मार्च

शी! शी! ठोकून ठोकून ड्रम निघाले. आतली काळी भुकटी नाकातोंडात. शिंकरलं तर शेंबूडही काळा. आणि एवढं करून? लायनर जाड, तेल कुठं गळत नाही. चारही चाकं ठीक! मग बिघडलं काय?

एक स्प्रिंग ओढताना तुटली. टोकदार तुकडा अंगणात कुठं उडाला, सापडला नाही. चपलेशिवाय फिरू नका, म्हणून पोरींना दम दिला. दुसरी स्प्रिंग आणून बसवली.

मग नळीतली हवा काढायला बसलो. एकाने पेडल दाबायचं, मी चाकाशी नट ढिला करायचा, की हवेबरोबर तेल बाहेर. अण्णाजींना बसवलं.

"दाबा!"

"दाबला ना बे!"

तेलाचा थेंब नाही.

"जोरात!"

"दाबूनच राह्यलो!"

पाच वेळा हेच. नुसती कुचराई! स्वतःच्या बापाची किळस आली आज, खोटं कशाला लिहू. शेवटी आईला बसवलं— पहिल्याच दाबाला पिचकारी थेट माझ्या तोंडावर! कडू जहर. थुंकत राहिलो. अण्णाजी उठून आत गेले. मदत तर नाहीच!

९ मार्च

ब्रेक पक्के. रॉकेलने हात धुतले तरी वास जात नाही. वरणभातालाही तोच वास.

१० मार्च, गुरुवार, सकाळ

दर्ग्याला जायचं म्हणून अण्णाजी आज अनवाणी. ओसरीवर रक्ताचे ठिपके दिसले— अंगणातून देवघरापर्यंत, तिथून गाडीच्या दारापर्यंत. अण्णाजी स्टिअरिंगवर बसलेले, मजेत. त्यांचा उजवा पाय उचलून पाहिला. तो स्प्रिंगचा तुकडा! अर्धा तळव्यात रुतलेला. मी उपटला. हूं नाही की चूं नाही.

"काय पाहून राह्यला बे? काय झालं?"— मलाच विचारत होते.

किल्ली काढून घेतली. याच बधिर पायाला पेडल कळत नव्हतं, त्याला मी कुचराई म्हणालो. आणि तानबाला चोर.