एकट्याचा वाद्यवृंद

३ मार्च
लूपर पेडल आलं! सोबत स्वस्तातली आणखी दोन. गणित सोपं आहे. पायाने बटण दाबलं की गिटार रेकॉर्ड होते, परत दाबलं की तेच गोल गोल वाजत राहतं, त्यावर आपण पुढचं वाजवायचं. एकटा माणूस, अख्खा बँड. ताईच्या लग्नाला महिनाअखेर पंचवीस वर्षं होताहेत. ती म्हणत होती, समारंभात तू गिटार वाजव, भावजी ड्रमवर ठेका धरतील. भावजी माणूस गोड, पण तालात घाई करतात. कळवून टाकलं, गरज नाही.

६ मार्च
तिन्ही पेडलं एका अडॅप्टरवर लावली की भुंगा शिरल्यासारखी घूं. दुकानदार म्हणाला, स्वस्त अडॅप्टरला होतंच तसं. मग विकता कशाला? तर म्हणे, तुम्हीच मागितलात. उद्धट.

११ मार्च
घूं आटोक्यात. पण लूप लंगडतो. पाय किंचित उशिरा पडतो आणि प्रत्येक फेरीला त्याच जागी खड्डा. दोष पेडलचा. बायको म्हणाली, अहो, तालात दाबा ना. जिने कधी गिटार हातात धरली नाही!
उद्यापासून रोज तासभर, टकटक ताल मोजणारा मेट्रोनोम लावून.

१२ मार्च
ऑफिसात ऑडिट. जमलं नाही.

१७ मार्च
मेट्रोनोम बंद केला. भावनेच्या आड येतो.

२२ मार्च
लूप थांबवायला बटण पटपट दोनदा दाबायचं. एकदाच लागलं तर थांबायचं सोडून वर नवा थर चढतो. आज इतके चढले की शेजारचे काका विचारायला आले, पाडकाम काढलंय का? नवीन कला पचायला वेळ लागतो.
भावजींचा फोन. म्हणाले, नुसता हलका ठेका धरू का? नम्रपणे नाही म्हटलं. बायको म्हणते, नम्रपणे नव्हतं.

२९ मार्च
समारंभाच्या हॉलची वीज खराब.
पहिलाच लूप लंगडा निघाला. झाकायला वर थर चढवले, तर तेही लंगडे. थांबवायला गेलो, एकदाच लागलं. परत दाबलं, परत तेच. शेवटी वायर उपटली. टाळ्या कडकडून पडल्या. बायको म्हणते, थांबलं म्हणून. लगेच सामान आवरून निघालो. पेडलं नाजूक असतात.

३० मार्च
ताईचा फोन. रागावली नाही. तू गेल्यावर यांनी टेबलावरच ठेका धरला, सगळे गायले, आईसुद्धा नाचली, म्हणाली. मग म्हणाली, तुम्ही दोघांनी एकदा तरी मिळून काही करावं, एवढंच होतं रे मनात. मी हॉलच्या विजेबद्दल सांगितलं. ती बरं म्हणाली.

५ एप्रिल, संध्याकाळ
जमला! बिनचूक लूप, कुठे खड्डा नाही! बायकोला हाक मारली. मुलांना मारली. घरात कोणीच नाही. सगळे ताईकडे जेवायला गेलेत. मला सांगूनच गेले असणार, पण माझ्या कानांवर हेडफोन होते.