नवस फेडल्यावरची तपासणी

बाबा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. नागपूरहून दुपारच्या बसनं पांढुर्ण्याला आले, अजून साडीही बदलली नाही.

मी शिकवते त्या शाळेचा जिना चढला की दम लागत होता, म्हणून दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी काही मोठा आजार? म्हटलं, सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता, बरा झाला. मग त्यांनी हृदयाची तपासणी करायला लावली. तेव्हाच्या औषधांनी जीव वाचतो, पण काहींचं हृदय पुढं हळूहळू थकतं, म्हणून बरं झाल्यावरही दरवर्षी दाखवायचं असतं, म्हणाल्या. माझं थकलं आहे. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं होतात कुठं?"

कुठं असणार! रामाकोन्याला, तुमच्या संत्र्याच्या बगीच्यात. उपचार संपले तेव्हा तुम्ही मारुतीला बोललेला नवस फेडला. झाडांखाली गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात कणकेचे रोडगे भाजून राहिले आहेत, वांग्याच्या भाजीचा मोठा गंज चुलीवरून उतरतो आहे, अख्खं गाव पंगतीला बसलं आहे आणि आई माझे नवे केस सगळ्यांना दाखवते आहे. काकांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात नागपूरले जा लागते ना?" तुम्ही रोडगा कुस्करत म्हणालात, "नवस फेडला ना बे. आता दवाखान्यात गेलो त देवावर भरोसा नाई असं होते." सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन वर्षं मला खांद्यावर घेऊन नागपूरला न्यायला सौंसरची बस गाठणारा माणूस, आणि शेवटी अशी माती खाल्ली तुम्ही! डॉक्टरीणबाईंना मी तेच सांगितलं. म्हटलं, बाबांनी आणलंच नाही.

हे अर्धंच खरं आहे. माझ्या लग्नाच्या आधी एका सकाळी तुम्ही आंघोळ करून, टोपी घालून ओसरीत उभे होतात. "चाल बाई, एक डाव दाखवून येऊ. माह्या जिवाले चैन नाई." पांढुर्ण्याचं हे स्थळ तेव्हा जुळत आलं होतं. सासरी लहानपणी टायफाइड झाला होता एवढंच सांगितलेलं. मी तुमच्यावर खेकसले, "कोनं पाहिलं त लग्न मोडन ना माहं!" तुम्ही टोपी काढून खुंटीला लावली आणि बगीच्यात निघून गेलात. माझं चुकलं, बाबा.

तुम्ही तर जगातून गेलात, हा कागद कुठं पाठवणार, घडी करून ठेवते. गोळ्या रोज घ्यायच्या आहेत, दर सहा महिन्यांनी जायचं आहे. आत्ताच यांनी दारातून विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

मी म्हटलं, रक्त कमी आहे.