जोसीचं काम पाहिलं

प्रिय ड्वाइट,

जोसी रविवारी संध्याकाळपर्यंत नीट घरी पोचली असेल. तुझ्याशी काय बोलली, की काहीच बोलली नाही, मला ठाऊक नाही. तू फोनवर म्हणाला होतास, "मला रंगाच्या डब्यापलीकडचं काही कळत नाही, कॉरिन. तू माझ्या पोरीचं काम बघ. तू हो म्हणालीस तर मी तिच्या आर्ट कॉलेजच्या कर्जाला जामीन राहतो." त्याचं उत्तर देण्याआधी माझं काय झालं ते ऐक. इतक्या वर्षांत तू विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही.

तुझे वडील छपरावरून पडले आणि तू दुसऱ्या वर्षी आपलं कॉलेज सोडून त्यांचं रंगकाम हातात घेतलंस, तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "जा, भिंती रंगव जन्मभर!" लग्नाचं विचारलंस, तर हसले. आज तुझ्या हाताखाली चार माणसं आहेत, टोलेडोत स्वतःचं घर आहे, कुणाचा एक डॉलर देणं नाही. आणि मी, शिल्पकलेची पदवीधर, क्लीव्हलंडच्या एका लॅबमध्ये लोकांच्या तोंडात बसवायच्या दातांचे मेणाचे नमुने कोरते. तासाला एकोणीस डॉलर. आमचा मॅनेजर कौतुकानं म्हणतो, "काय सुरेख दाढ कोरतेस गं!" चार वर्षं शिकले त्याला मिळालेली शाबासकी ही एवढीच.

माझं शिक्षणाचं कर्ज अठ्ठावन्न हजारांचं होतं. जामीन आई. शाळेच्या कॅन्टीनमध्ये ट्रे धुणाऱ्या बाईनं कागद न वाचता सही ठोकली आणि शेजारणीला सांगत सुटली, "आमची पोर कलाकार होणार!" दोनदा माझी नोकरी गेली, हप्ते थांबले, तेवढं व्याज मुद्दलात चढलं. सोळा वर्षांत ऐंशी हजारांच्या वर भरले आहेत. अजून एकसष्ट हजार बाकी आहेत. हे तुला पुन्हा वाचावंसं वाटेल, पण मी लिहिताना चुकले नाही. हप्ता चुकला की कर्जवाले मला नाही, आईला फोन करायचे. पक्षाघातानंतर तिची जीभ जड झाली होती. तरी ती रिसीव्हर धरून म्हणायची, "भरेल हो ती. प्रदर्शन आहे तिचं."

प्रदर्शनं झालीही. या सगळ्या वर्षांत माझी तीन शिल्पं विकली गेली, मिळून अकराशे डॉलर. सगळ्यात मोठं सहाशेला गेलं. चर्चमधल्या कुणा बाईनं घेतलं म्हणे. त्या दिवशी मी आईला बाहेर जेवायला नेलं, एवढी खूश होते. ती गेल्यावर तिचं कपाट आवरताना ते शिल्प जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं सापडलं. त्या बाईच्या हातून तिनंच विकत घेतलं होतं. तेव्हापासून मी मातीला हात लावलेला नाही, ड्वाइट. लॅबमधलं मेण तेवढं.

तर रविवारी जोसी आली. टेबलावर सोळा चित्रं मांडली आणि शेवटी पिशवीतून मातीचा एक हात काढला. तुझा हात. सुजलेली पेरं, ब्रश धरून वाकडा झालेला अंगठा, नखाखाली अडकलेला रंगसुद्धा तिनं मातीत दाखवला आहे. तिच्या वयात, सतराव्या वर्षी सोड, पदवी घेतली तेव्हाही मला असं काही जमलं नव्हतं. आमच्या वर्गात कुणालाच नव्हतं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, तुम्ही तोंडावर खरं सांगता."

मी तिला सांगितलं, "तुझ्या हातात ते नाही, जोसी. छंद म्हणून ठेव. हिशेबाचं काहीतरी शीक." तिचा चेहरा पडला, पण रडली नाही. चित्रं गोळा केली, तो हात माझ्या कचऱ्याच्या डब्यात ठेवला आणि दाराशी थांबून म्हणाली, "थँक्यू. कुणीतरी खरं सांगायला हवं होतं."

म्हणून हे पत्र. मी खोटं बोलले. तिला वाचवायला बोलले, की तिचं काम बघून जळफळाट झाला म्हणून बोलले, हे गेले चार दिवस माझं मलाच ठरवता येत नाही. तू सही कर म्हणून मी सांगणार नाही. ते कर्ज काय असतं ते मी जाणते. पण नाही म्हणायचं असेल तर पैशापायी म्हण, माझ्या शब्दावर म्हणू नकोस. तिच्यासमोर उभं राहून हे कबूल करायचं धैर्य माझ्यात नाही. तो हात डब्यातून काढून पुसला आहे, सोबतच्या खोक्यात आहे. करंगळीला बारीक टवका गेला आहे, तो मी तसाच ठेवला. तिच्या कामाला हात लावायचा माझा अधिकार नाही.

एके काळी तुझीच होऊ शकली असती ती,
कॉरिन